डब्यातली रिकामी जागा

“प्लास्टिकच्या पिशवीशिवाय मटार टिकतात का हो?”

मंडईत मटाराचे ढीग लागले की हा प्रश्न हमखास कानावर येतो. जानेवारीत पाच किलो शेंगा घरी येतात, दुपारभर गप्पा मारत सोलणं चालतं आणि दाण्यांचं पातेलं भरलं की घरातलं कुणीतरी सवयीने झिपच्या पिशव्यांचं पुडकं काढतं. त्याच वेळी फळीवर स्टीलचे डझनभर डबे नुसते पडून असतात. ते का वापरायचे नाहीत, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. स्टीलचा डबा फ्रीझरमध्ये खराब होतो. काच फुटते. पिशवीत हवा राहत नाही, डब्यात राहते.

यातलं पहिलं उत्तर चूक आहे, दुसरं अर्धं खरं आहे आणि तिसरं अगदी खरं आहे. पिशवी दाण्यांच्या अंगाला चिकटून बसते, आत रिकामी जागा ठेवत नाही. तिचा मोठा गुण तो हाच, आणि तो गुण डब्यातही आणता येतो. त्यासाठी रिकामी जागा कुठे नडते आणि कुठे मुद्दाम सोडावीच लागते, एवढं कळायला हवं. या प्रकरणात तेच एकेक पायरीने पाहू.

१. फ्रीझर नक्की करतो काय?

मास्तर वर्गात आले की पोरं गप्प बसतात, पण म्हणून वर्ग रिकामा होत नाही. मास्तरांची पाठ वळली की गलका पुन्हा सुरू. अन्नातले जंतू फ्रीझरमध्ये असेच गप्प बसलेले असतात. उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ थांबते, पण त्यातले पुष्कळसे जिवंतच राहतात. म्हणून आंबायला लागलेलं वरण फ्रीझरमध्ये टाकून सुधारत नाही. ज्या अवस्थेत ते आत जातं, फार तर त्याच अवस्थेत बाहेर येतं. गोठवायचं ते ताजं असतानाच गोठवावं.

उणे १८ हा आकडा महत्त्वाचा आहे. काही फ्रिजांच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्यांची खूण असते. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. गोठवलेली वस्तू पहिल्यात आठवडाभर, दुसऱ्यात महिनाभर आणि तिसऱ्यात तीन महिने ठेवावी, असा त्यामागचा ढोबळ हिशोब. फ्रिजच्या दारावर वीजबचतीच्या लेबलवर जे तारे असतात, ते वेगळे. पाच तारे असले म्हणून बर्फाचा कप्पा जास्त थंड असतो असं नाही. एका दाराच्या जुन्या फ्रिजमध्ये वर्षाचे मटार भरण्याआधी ही खूण बघून घ्यावी.

२. खडीसाखर नको, पिठीसाखर हवी

भाजी, फळं, मासे या सगळ्यांत पाणीच जास्त. गोठताना त्या पाण्याचे स्फटिक होतात, आणि ते केवढे होतात यावर पुढची सगळी चव अवलंबून असते. खडीसाखर कशी करतात ते आठवा. पाक सावकाश निवू दिला की मोठमोठे खडे धरतात. पाण्याचंही तसंच आहे. सावकाश गोठलं तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि भाजीच्या नाजूक पेशींना आतून टोचून फाडतात. मग शिजवताना दाणे पाणी सोडतात आणि मऊ पडतात. झटपट गोठलं तर बारीक कण होतात, पेशी बऱ्याचशा शाबूत राहतात.

क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी माणसाने हे कॅनडातल्या लॅब्रडॉरमध्ये पाहिलं. १९१२ नंतरची काही वर्षं तो तिथे होता. बर्फातून मासे काढले की बोचऱ्या वाऱ्यात ते बघता बघता कडक होत, आणि महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्यावरून त्याने झटपट गोठवण्याची यंत्रं केली आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात गोठवलेलं अन्न दुकानांत विकायला आलं. आपल्या विषयाशी जुळणारी गंमत पुढे आहे. पिशव्यांचं पॉलिथिन सापडलं १९३३ मध्ये. म्हणजे गोठवलेले मटार आधी आले, पॉलिथिनची पिशवी नंतर. बर्ड्सआयचं सुरुवातीचं काम मेण लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चाललं होतं.

आता एक छोटं गणित. एक लिटर पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. शून्य अंशाच्या त्या पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला ८०. तो बर्फ उणे १८ पर्यंत न्यायला जेमतेम ९. म्हणजे फ्रीझरची खरी दमछाक होते ती मधल्या टप्प्यात. एका रात्री सहा किलो दाणे आत कोंबले तर हा टप्पा तासन्‌तास रेंगाळतो, आणि तेवढ्यात खडीसाखर तयार होते. पन्नास-साठ लिटरच्या घरगुती फ्रीझरला एका दिवशी दोन किलोच्या वर नवा माल देऊ नये.

दुसरा उपाय थाळीचा. स्टीलची पसरट थाळी घ्यायची, कोरडे दाणे एका थरात पसरायचे आणि दीड-दोन तास फ्रीझरमध्ये ठेवायची. दाण्याला वरून गार हवा लागते, खालून गार धातू. थाळी हलवली की दाणे खडखडले पाहिजेत. मग ते डब्यात भरायचे. आधीच सुटे गोठलेले असल्यामुळे एकमेकांना चिकटत नाहीत आणि हवे तेवढे मूठभर काढता येतात. पावटे, तुरीचे दाणे, मक्याचे दाणे, स्ट्रॉबेरी, कोकणातले ओले काजूगर, सगळ्यांना हीच थाळी चालते.

३. गोठलेल्या दाण्यातही कारभार चालूच

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. हे काम विकरांचं. विकरं म्हणजे वनस्पतीच्या आतले कामगार. वाढवणं, पिकवणं, रंग पालटणं ही कामं ते करतात. शेंग तोडली म्हणून ते काम सोडत नाहीत, आणि फ्रीझरच्या थंडीतही सावकाश का होईना, करतच राहतात. कच्चे गोठवलेले मटार दोन-तीन महिन्यांनी फिकट आणि गवतासारखे लागतात ते यामुळे.

त्यांना थांबवायला उकळतं पाणी लागतं. पाव किलो दाण्यांना दोन लिटर पाणी खळखळ उकळावं, दाणे घालावेत, पाण्याला पुन्हा उकळी आली की घड्याळ लावावं. मटाराला दीड मिनिट पुरे. पालकाला दोन, फरसबीला आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन. वेळ झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत आणि निथळून सुती पंचावर पसरावेत. हे कोरडं करणं टाळू नये, कारण दाण्यावर राहिलेला प्रत्येक थेंब पुढे बर्फ होऊन दोन दाण्यांना चिकटवतो.

कोथिंबीर, मिरच्या, टोमॅटो, आलं, ओलं खोबरं आणि फळं यांना ही आंघोळ लागत नाही.

४. कापूर उडतो, तसा बर्फही

देवघरातली कापराची वडी उघडी राहिली तर महिन्याभरात निम्मी होते. वितळलेला कापूर कुठे दिसत नाही. घन वडीची थेट वाफ होऊन जाते. फ्रीझरमधला बर्फही असाच उडतो, फक्त फार हळू. फ्रीझरमधली हवा कोरडी असते. ती दाण्याच्या पृष्ठभागावरचा बर्फ वाफेच्या रूपात ओढून घेते, आणि ती वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला भुरभुर होऊन बसते. झाकणाखालचं ते पांढरं भुरकं बाहेरून आलेलं नसतं, दाण्यांमधून निघून गेलेलं पाणी असतं. ज्या जागेचं पाणी गेलं ती जागा पांढरट, सुकी, कातड्यासारखी होते. तिला ‘फ्रीझर बर्न’ म्हणतात. खाऊन अपाय होत नाही, पण चव गेलेली असते.

रिकामी जागा नडते ती इथे. डब्यात जेवढी मोकळी हवा, तेवढी पाण्याला उडायला जागा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तर अधूनमधून तापमान थोडं वर-खाली होतं, आणि दर वेळी थोडं पाणी दाण्यातून निघून झाकणाला लागतं. पिशवी पिळून हवा काढता येते, डबा पिळता येत नाही. मग डब्याचं काय करायचं? तर डबाच लहान घ्यायचा.

पाच किलो शेंगांतून साधारण दोन किलो दाणे निघतात. गोठवलेले सुटे दाणे एका लिटरच्या डब्यात पावणेसहाशे ग्रॅमच्या आसपास बसतात, म्हणजे एकूण साडेतीन लिटर जागा लागेल. सोय म्हणून आपण पाच लिटरचा एकच डबा घेतो. पहिल्याच दिवशी त्यात दीड लिटर हवा असते. दर आठवड्याला दाणे कमी होतात आणि हवा वाढते. शेवटचे दाणे सगळ्यात जास्त सुकलेले. त्याऐवजी अर्ध्या लिटरचे सात डबे घ्या आणि गच्च भरा. एका डब्यात चौघांच्या उसळीपुरते दाणे असतात. डबा उघडला की त्याच दिवशी संपतो, उरलेले सहा भरलेलेच राहतात.

खोवलेलं खोबरं छोट्या डबीत बोटांनी दाबून भरावं आणि वर केळीच्या पानाचा गोल तुकडा चिकटवून बसवावा. पुरणाचंही असंच. पुरणपोळ्यांच्या मध्ये घालायलाही केळीचं पान चालतं, पण पान फक्त पोळी पोळीला चिकटू देत नाही. वाफ अडवायला डबाच लागतो.

स्टीलचं साधं झाकण पूर्ण हवाबंद नसतं, हे मात्र मान्य करायला हवं. कडेला सिलिकॉनचं कडं असलेलं झाकण असेल तर उत्तम. नसेल तर त्या डब्यातला माल दोन-तीन महिन्यांत संपवायचा आणि कडं असलेले डबे लांबच्या पल्ल्यासाठी राखायचे. झाकण थंडीने घट्ट बसलं तर ठोकाठोकी करू नये. पाच मिनिटं ओट्यावर राहू द्यावं, आपण होऊन सुटतं.

५. काचेला मात्र मोकळी जागा द्या

इथे नियम उलटा होतो. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं. अर्ध्या लिटरच्या बरणीत काठोकाठ पाणी भरलं तर ४५ मिलिलिटर, म्हणजे मोठे तीन चमचे बर्फाला जागाच नसते. तो जागा करून घेतो.

एका मे महिन्यात मी हापूसचा रस लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरला. बरणी देखणी होती, खाली गोल पोट आणि वर निमुळती मान. रस मानेपर्यंत भरला, झाकण आवळलं. सकाळी फ्रीझर उघडला तर खांद्याच्या खालून सुपारी फुटावी तशी स्वच्छ दुभंगलेली काच, आणि आत बरणीच्या आकाराचा केशरी रस जसाच्या तसा उभा. काचेचा कण कुठे गेला असेल सांगता येत नाही, म्हणून सगळा रस टाकावा लागला. तेव्हापासून डझनाचा भाव आठवला की ती बरणी आठवते.

चूक दुहेरी होती. एक, जागा सोडली नव्हती. दुसरी, बरणीला खांदे होते. सरळ उभ्या पेल्यासारख्या बरणीत फुगणारा बर्फ वर सरकतो. खांदे असले की तो त्यांच्याखाली अडकतो आणि सगळा जोर काचेवर येतो. म्हणून काचेची बरणी सरळ भिंतींची, रुंद तोंडाची घ्यावी, वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडावी आणि रस पूर्ण गोठेपर्यंत झाकण सैल ठेवावं. गरम सूप भरून थेट आत ठेवू नये, गोठलेली बरणी गरम पाण्यात धरू नये. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवली की सकाळपर्यंत रस सुटतो.

काचेची धास्ती वाटत असेल तर पातळ पदार्थांनाही स्टील द्यावं. ते फुटत नाही. जागा तरीही सोडावी, नाहीतर बर्फ झाकण उचलतो.

६. पाण्याचंच वेष्टण

वरच्या दोन नियमांचा मेळ घालणारी एक युक्ती मासळीच्या धंद्यात जुनी आहे. गोठवलेला मासा गार पाण्यात बुडवून काढतात; त्याच्यावर बर्फाचा पातळ काचेसारखा थर बसतो. फ्रीझरची हवा आधी तो थर खाते, मासा सुरक्षित राहतो.

घरी हेच कोळंबीला करता येतं. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्याआधी आणलेली ताजी कोळंबी सोलून, धागा काढून, अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या डब्यात भरावी. ती जेमतेम बुडेल एवढं गार पाणी ओतावं, वर दोन बोटं जागा ठेवावी. पाणी कोळंबीच्या फटीफटीत शिरतं आणि हवेला हाकलून देतं. पिशवी जे चिकटून करते तेच इथे पाणी करतं.

कोथिंबीर-मिरचीचं वाटण, आलं-लसणाची गोळी, नारळाचं दूध, लिंबाचा रस, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर, हे सगळं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून वड्या डब्यात काढाव्यात. स्टीलचे ट्रेही मिळतात. कैरी, चिंच, टोमॅटो असे आंबट पदार्थ अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये मात्र गुंडाळू नयेत. आंबटाने फॉइल खाल्लं जातं.

७. रवा, बेसन, डाळी

घाऊक आणलेल्या कोरड्या जिनसांना गोठण्यासारखं पाणीच फारसं नसतं. त्यांचा शत्रू सोंडे आणि पोरकिडे. रवा किंवा डाळ निदान चार दिवस उणे १८ अंशांत राहिली तर किडे आणि त्यांची अंडी, दोन्ही मरतात. त्यानंतर डबा फळीवर आणला तरी चालतो. म्हणजे कप्पा कायमचा अडकत नाही: या आठवड्यात रवा, पुढच्या आठवड्यात हरभऱ्याची डाळ.

काळजी एकच. गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसा गार रव्यालाही येतो, विशेषतः आषाढ-श्रावणात. बाहेर काढलेला डबा हाताला गार लागेनासा होईपर्यंत उघडू नये. घाम डब्याला बाहेरून येऊ द्यावा, आत रव्याला नको.

८. घरातलं प्लास्टिक फेकायचं का?

नाही. विकत घेतलेला डबा फेकून स्टीलचा आणला तर कचरा वाढलाच. पण कुठलं प्लास्टिक थंडीला टिकतं ते बघून वापरावं. श्रीखंडाचे कडक डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो. फ्रीझरच्या थंडीत हे प्लास्टिक ठिसूळ होतं आणि हातातून पडलं की काडकन तडकतं. त्यात फ्रीझरऐवजी फळीवरचा मोहरी-मेथीचा संसार मांडावा. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक वेगळं, ते थंडीतही लवचिक राहतं. एका कडेने कापून, साबणाने धुऊन, उलटी करून वाळवलेली पिशवी कोरड्या दाण्यांना दोन-तीनदा वापरता येते. भाजीवाल्याकडच्या रंगीत कॅरीबॅगेत मात्र अन्न ठेवूच नये.

डब्यावर कागदी टेप लावून पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहावी. स्टीलच्या आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. ही उणीव आहे, आणि टेपेच्या एका तुकड्याने ती भरून निघते.

९. वीज गेली तर?

रिकामी जागा आणखी एका ठिकाणी नडते, खुद्द फ्रीझरमध्ये. गोठलेला माल हीच फ्रीझरची थंडीची शिल्लक. पूर्ण भरलेला स्वतंत्र फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजच्या वरच्या छोट्या कप्प्याकडून इतकी अपेक्षा धरू नये, पण नियम तोच. कप्पा निम्मा रिकामा असेल तर उरलेल्या डब्यांत पाणी भरून गोठवून ठेवावं.

गावाला जाताना एका वाटीत पाणी गोठवावं आणि बर्फावर रुपयाचं नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. तळाशी गेलेलं असेल तर मधे वीज जाऊन सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं. अशा वेळी कोळंबीचा मोह सोडावा.

आता पुन्हा जानेवारीतल्या त्या मंडईकडे येऊ. मटार किती घ्यायचे हे आपण भाव बघून ठरवतो, आणि मग उरलेल्या दाण्यांसाठी पिशव्या शोधतो. क्रम उलटा करून बघा. घरातून निघण्याआधी छोटे डबे मोजा आणि कप्प्यात किती बसतात ते बघा. सात बसले तर पाच किलो शेंगा, तीन बसले तर दोन किलो. तेवढ्याच घ्यायच्या, मग पिशवीचं पुडकं काढायची वेळच येत नाही.